हजारो हार्ड डिस्कमधली बिघडलेली एक डिस्क कशी शोधतात आणि कशी बदलतात?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातला शेतकरी खरिपात वावरात उभा राहून मोबाइलवर सोयाबीनचा फोटो काढतो आणि ई-पीक पाहणीच्या ॲपमधून पाठवतो. महाराष्ट्रात ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद तिच्यावर अवलंबून असते आणि नुकसानभरपाई किंवा हमीभावाने खरेदीच्या वेळी ही नोंद लागते.

फोटो गेला, संदेश आला, मोबाइल खिशात गेला. पण तो फोटो शेवटी कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि डिस्क हे यंत्र आहे. ते आज ना उद्या बिघडणारच. मग फोटो, सातबारा, बँकेचे खाते, व्हिडिओ हे सगळे टिकते कसे?

थोडक्यात उत्तर:

• मोठ्या साठवण यंत्रणेत डिस्क बिघडणे हा अपघात मानत नाहीत. ते रोजचे काम असते.
• डेटा एकाच डिस्कवर कधीच नसतो. त्याच्या प्रती किंवा तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असतात.
• डिस्क बिघडली की यंत्रणा आधी डेटाची कमी झालेली प्रत दुसरीकडे तयार करते. डिस्क बदलायला माणूस नंतर जातो.
• खरा धोका बिघडलेल्या डिस्कपेक्षा चुकीच्या नोंदीत असतो. कोणती डिस्क कुठे आहे हे नीट लिहिलेले नसेल, तर चांगली डिस्क काढली जाऊ शकते.

क्लस्टर म्हणजे काय?

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक-दोन डिस्क असतात. डेटा सेंटरमध्ये एका सर्व्हरमध्ये १२, २४, ६० किंवा त्याहून जास्त डिस्क बसवतात. असे सर्व्हर लोखंडी कपाटासारख्या रॅकमध्ये एकावर एक रचलेले असतात. शेकडो सर्व्हर नेटवर्कने जोडून त्यांच्या सगळ्या डिस्क एकच मोठे कोठार असल्यासारख्या वापरल्या, की त्याला साठवणुकीचा क्लस्टर म्हणतात.

हे काम करणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. गुगलने २००३ मध्ये आपल्या गुगल फाइल सिस्टिमची रचना जाहीर केली. त्याच विचारावर हडूप ही मुक्त प्रणाली उभी राहिली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांनी सेफ नावाची प्रणाली तयार केली. तिचा शोधनिबंध २००६ चा आहे आणि आज ती जगभर वापरली जाते.

महाराष्ट्र या जगापासून लांब नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात क्लाउड सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या तीन केंद्रांपैकी दोन पुणे आणि मुंबई इथली होती. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचे एक राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचा डेटा साठवणारे आणि तपासणारे केंद्र आहे. ४० हून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांच्या जाळ्याचा ते भाग आहे.

किती डिस्क बिघडतात?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात. नेहमीच्या मोठ्या डिस्कचा वेग मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे असतो. वाचणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. हे वर्षानुवर्षे, रात्रंदिवस चालते.

बनवणाऱ्या कंपन्या डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास किंवा त्याहून जास्त लिहितात. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे. याचा अर्थ एक डिस्क ११४ वर्षे चालेल असा नाही. खूप डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरातली साधारण एक जाईल, असा तो हिशेब आहे.

प्रत्यक्षात काय होते? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला बदलाव्या लागलेल्या डिस्कचे प्रमाण बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या वर होते, २ ते ४ टक्के हे नेहमीचे होते आणि काही यंत्रणांत ते १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली करते. तिच्याकडे हे प्रमाण २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होते.

टक्केवारी लहान वाटते, पण डिस्कची संख्या वाढली की चित्र बदलते. सर्नने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की तिथली डिस्कवरची साठवण १० लाख टेराबाइटच्या पुढे गेली आहे. त्यासाठी १ लाख ११ हजार उपकरणे वापरात होती आणि त्यांतल्या बहुतेक हार्ड डिस्क होत्या. वर्षाला फक्त १ टक्का धरला तरी अशा ठिकाणी १,११० डिस्क जातील, म्हणजे रोजच्या तीन. दिवाळी असो की रविवार, रोज तीन.

म्हणून मोठ्या केंद्रात 'डिस्क बिघडू नये म्हणून काय करायचे' यापेक्षा 'आज बिघडलेल्या तीन डिस्कचे काय करायचे' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो.

डिस्क गेली तरी डेटा का जात नाही?

याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत प्रतींची. प्रत्येक फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतात. हडूपमध्ये एक तुकडा सहसा १२८ मेगाबाइटचा असतो. तिन्ही प्रती एकाच डिस्कवर, एकाच सर्व्हरमध्ये किंवा एकाच रॅकमध्ये पडणार नाहीत याची काळजी घेतली जाते. बियाण्याची तिन्ही पोती एकाच खोलीत ठेवली आणि त्याच खोलीचे छत गळले तर काय उपयोग?

दुसरी पद्धत हिशेबाची. समजा दोन आकडे जपायचे आहेत, १२ आणि ७. तिसऱ्या जागी त्यांची बेरीज १९ लिहून ठेवली. उद्या ७ हरवला, तर १९ मधून १२ वजा करून तो परत मिळतो. याच तत्त्वावर, पण बऱ्याच पुढच्या गणिताने, डेटाचे १० तुकडे आणि त्यांच्यावरून काढलेले ४ जादा तुकडे १४ वेगवेगळ्या डिस्कवर ठेवता येतात. त्यांतल्या कोणत्याही ४ डिस्क गेल्या तरी उरलेल्या १० वरून सगळा डेटा उभा राहतो. तीन प्रतींना तिप्पट जागा लागते, या पद्धतीत १.४ पट पुरते. या गणिताचा पाया अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये घातला.

पण दोन्ही पद्धतींना मर्यादा आहे. तीन प्रतींपैकी एक गेली की दोन उरतात. ती तिसरी लवकर तयार झाली नाही आणि तेवढ्यात आणखी दोन डिस्क गेल्या, तर तो तुकडा कायमचा गेला. त्यामुळे कमी झालेली प्रत पुन्हा तयार करायला किती वेळ लागतो याला फार महत्त्व आहे.

हिशेब असा. २० टेराबाइटची एक डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरायची तर १ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास लागतात. तेही मध्ये काहीच अडथळा आला नाही तर. क्लस्टरमध्ये मात्र गेलेल्या डिस्कवरचा डेटा एकाच नव्या डिस्कवर भरत नाहीत. समजा ५०० डिस्कनी तो वाटून घेतला, तर प्रत्येकीच्या वाट्याला फक्त ४० गिगाबाइट येतात. लग्नाच्या पंगतीत एकाने शंभर पाने वाढण्यापेक्षा दहा जणांनी वाढली तर काम लवकर उरकते, तसेच हे.

बिघाड कळतो कसा?

डिस्क तीन प्रकारे बिघडते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिला प्रकार, डिस्क पूर्ण गप्प होते. हे लगेच कळते. हडूपमध्ये प्रत्येक सर्व्हर दर ३ सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप पाठवतो. साडेदहा मिनिटे निरोप आला नाही, तर त्याला गेलेला समजून त्याच्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती दुसरीकडे करायला सुरुवात होते. सेफमध्ये डिस्क उत्तर देईनाशी झाली की ती आधी 'बंद' धरली जाते आणि मूळ मांडणीप्रमाणे १० मिनिटांनी 'बाहेर' धरली जाते. 'बाहेर' झाली की तिचा वाटा इतरांना दिला जातो. हा थोडा थांबा मुद्दाम ठेवलेला असतो. कारण सर्व्हर नुसता बंद करून चालू केला तरी तो काही मिनिटे गप्प असतो. प्रत्येक वेळी लगेच टेराबाइटच्या टेराबाइट हलवायला लागले तर नेटवर्क तुंबून जाईल.

दुसरा प्रकार, डिस्क चालू असते पण संथ होते किंवा मधूनमधून चुका करते. डिस्कमध्येच स्मार्ट नावाची स्वतःची तब्येत तपासणारी सोय असते. खराब झाल्याने बदललेल्या जागा, वाचता न आलेल्या जागा, चालू राहिलेले तास, तापमान असे आकडे ती ठेवते. गुगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिख वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी २००७ मध्ये १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने इशारा दिला तर तो ऐकावा, पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

याच अभ्यासाने विदर्भातल्या वाचकाला रस वाटेल असे आणखी एक निरीक्षण नोंदवले. नेहमीच्या मर्यादेतल्या तापमानाचा बिघाडाशी संबंध अपेक्षेपेक्षा कमी निघाला. फार जास्त तापमान आणि जुनी डिस्क हे दोन्ही एकत्र आले तेव्हा मात्र तो स्पष्ट दिसला.

तिसरा प्रकार सगळ्यांत लबाड. डिस्क ठीक चालते, वेळेवर उत्तर देते, पण दिलेला डेटाच चुकीचा असतो. हे ओळखण्यासाठी प्रत्येक तुकड्यासोबत चेकसम नावाचा एक हिशेबाचा आकडा लिहून ठेवतात. तुकडा वाचून तो आकडा पुन्हा काढायचा आणि जुळतो का पाहायचे. कोणी फाइल मागितली नाही तरी यंत्रणा अधूनमधून स्वतःच सगळे तुकडे वाचून ही ताळेबंदी करते. सेफमध्ये ही सखोल तपासणी साधारण आठवड्यातून एकदा होते.

डिस्कची ओळख: जागेवरून नको, नंबरवरून

आता मुख्य प्रश्न. स्क्रीनवर 'अमुक डिस्क बिघडली' असे दिसले. पण डोळ्यांसमोर एकसारख्या दिसणाऱ्या हजारो डिस्क आहेत. त्यांतली ती कोणती?

लिनक्स प्रणाली डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. ही नावे सापडण्याच्या क्रमाने दिलेली असतात. सर्व्हर बंद करून चालू केला, एखादी डिस्क काढली किंवा घातली, की क्रम बदलू शकतो. काल एसडीसी होती ती आज एसडीडी झालेली असू शकते. एसटीत 'खिडकीजवळचा तिसरा प्रवासी' म्हणून कोणाची ओळख सांगावी, आणि पुढच्या थांब्यावर माणसे बदलावीत, तसा हा प्रकार.

म्हणून डिस्कची पक्की ओळख तिच्या सिरियल नंबरने करतात. गावात गाई-म्हशींच्या कानाला १२ अंकी पिवळा बिल्ला असतो. जनावर विकले, गोठा बदलला, तरी बिल्ला तोच राहतो. डिस्कचा सिरियल नंबर तसाच असतो. तो तिच्या लेबलवर छापलेला असतो आणि सॉफ्टवेअरलाही वाचता येतो. त्यामुळे स्क्रीनवरचा आणि हातातला नंबर ताडून पाहता येतो.

चांगल्या नोंदवहीत प्रत्येक डिस्कसमोर साधारण एवढ्या गोष्टी असतात:

• सिरियल नंबर, कंपनी आणि मॉडेल
• आतल्या सॉफ्टवेअरची, म्हणजे फर्मवेअरची आवृत्ती
• डेटा सेंटर, रॅक, सर्व्हर आणि खाचेचा क्रमांक
• क्लस्टरमधला तिचा क्रमांक
• खरेदीची, बसवल्याची आणि हमी संपण्याची तारीख
• आजची स्थिती: चालू, संशयित, बाहेर काढलेली, हमीत परत पाठवलेली, नष्ट केलेली

यातली फर्मवेअर आणि बसवल्याची तारीख अनेकांना जादा वाटते. २०१९ मध्ये त्याचे महत्त्व कळले. एचपीई कंपनीने तेव्हा जाहीर केले की तिच्या काही एसएसडी डिस्कमध्ये फर्मवेअरचा दोष आहे आणि ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. बंद पडल्यावर डेटाही परत मिळणार नव्हता. एकाच दिवशी बसवलेल्या अशा डिस्क जवळपास एकाच वेळी गेल्या असत्या. मग तीन प्रती असून काय फायदा, जर तिन्ही एकाच तासाला बंद पडणार असतील? ज्यांच्याकडे मॉडेल, आवृत्ती आणि तारखा लिहिलेल्या होत्या, त्यांना कोणत्या डिस्क आधी दुरुस्त करायच्या हे काही मिनिटांत काढता आले असणार. इतरांना प्रत्येक सर्व्हर उघडून पाहण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

याच कारणाने बरीच केंद्रे एका क्लस्टरमध्ये सगळ्या डिस्क एकाच खेपेतल्या वापरत नाहीत.

बदलण्याची पद्धत, पायरीपायरीने

१. खात्री करणे. दोष डिस्कचाच आहे की केबलचा, वीजपुरवठ्याचा की तिला जोडणाऱ्या कार्डाचा? एकाच सर्व्हरमधल्या चार डिस्क एका वेळी 'बिघडल्या' तर सहसा चारही डिस्क खराब नसतात, त्यांना जोडणारी सामाईक गोष्ट खराब असते.

२. डिस्क क्लस्टरमधून बाहेर काढणे. हे सॉफ्टवेअरमध्ये होते. डिस्कला अजून कोणी हात लावलेला नसतो. तिचा वाटा इतर डिस्कवर तयार होऊ लागतो.

३. थांबणे. सगळ्या प्रती पूर्ण झाल्या का, हे यंत्रणेलाच विचारतात. सेफमध्ये 'ही डिस्क नष्ट केली तर चालेल का' असे विचारण्याची खास आज्ञा आहे. उत्तर 'नाही' आले तर थांबतात. इथे घाई केल्याने नुकसान होते.

४. जागा शोधणे. नोंदवहीतून रॅक, सर्व्हर आणि खाच काढतात. मग त्या खाचेवरचा दिवा सॉफ्टवेअरने लुकलुकता करतात. मेलेली डिस्क कधीकधी दिव्याच्या आज्ञेलाही दाद देत नाही. तेव्हा उलटे करतात: बाकी सगळ्या डिस्कचे दिवे लावायचे, अंधारात राहिली ती आपली.

५. ओढणे आणि वाचणे. डिस्क बाहेर काढली की लेबलवरचा सिरियल नंबर नोंदीशी ताडून पाहतात. अनेक ठिकाणी एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने तपासायचा असा नियम असतो.

६. नवी डिस्क बसवणे. तिचा नंबर आधी नोंदवहीत चढवतात, मग ती क्लस्टरला देतात. काही केंद्रे नवी डिस्क आधी पूर्ण लिहून-वाचून तपासतात. नवी म्हणजे निर्दोष असे गृहीत धरत नाहीत.

७. भरेपर्यंत लक्ष ठेवणे. नव्या डिस्ककडे डेटा सरकू लागतो. हा वेग फार ठेवला तर वापरकर्त्यांचे काम मंदावते, फार कमी ठेवला तर धोक्याचा काळ लांबतो. जुनी ८ टेराबाइटची काढून २० टेराबाइटची बसवली, तर तिच्याकडे जास्त डेटा येतो आणि कामाचा भारही जास्त येतो, हेही पाहावे लागते.

सगळीकडे डिस्क बिघडली त्याच दिवशी बदलतात असे नाही. डेटाच्या प्रती पुन्हा पूर्ण झाल्या की मेलेली डिस्क खाचेत पडून राहिली तरी बिघडत नाही. आठवड्यातून एकदा जाऊन सगळ्या एकदम बदलल्या तरी चालते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हरचे एक बंदिस्त डेटा सेंटर समुद्रतळाशी ठेवले होते. दोन वर्षे तिथे कोणी काही बदलायला गेले नाही. २०२० मध्ये ते वर काढले, तेव्हा बिघाडाचे प्रमाण जमिनीवरच्या तशाच सर्व्हरच्या एक अष्टमांश निघाले. आत ऑक्सिजनऐवजी भरलेला नायट्रोजन आणि माणसांचा वावर नसणे, ही त्याची कारणे असावीत असे संशोधकांचे मत होते.

चुका कुठे होतात?

सर्वांत घातक चूक म्हणजे चांगली डिस्क ओढणे. समजा तुकड्यांचा गट असा आहे की दोन डिस्क गेल्या तरी चालते. दोन आधीच गेल्या आहेत. बदलायला गेलेल्याने शेजारची, चालू असलेली तिसरी ओढली. त्या क्षणी त्या गटातला डेटा मिळेनासा होतो. चूक लक्षात आली तर तीच डिस्क त्याच खाचेत परत बसवायची असते. तिच्यावरचा डेटा बहुधा शाबूत असतो. घाबरून ती पुसून 'नवी' म्हणून जोडली तर मात्र वाचायचे तेही जाते.

दुसरी चूक नोंदवहीची. डिस्क बदलली, पण नोंद 'नंतर करू' म्हणून राहिली. सहा महिन्यांनी त्याच खाचेतली डिस्क बिघडते आणि वहीत जुनाच नंबर असतो. म्हणून मोठी केंद्रे हाताने लिहिलेल्या नोंदीवर विसंबत नाहीत. प्रत्येक सर्व्हर आपल्या खाचांमधले सिरियल नंबर स्वतः वाचून रोज कळवतो आणि नोंदीशी फरक आला की इशारा मिळतो.

तिसरा धोका आवाजाचा आणि हादऱ्यांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली गेली. वायू सुटतानाचा आवाज इतका मोठा होता की हार्ड डिस्क खराब झाल्या आणि बँकेच्या सेवा सुमारे १० तास कोलमडल्या.

काढलेल्या डिस्कचे पुढे काय?

बिघडलेली डिस्क म्हणजे कोरी डिस्क नव्हे. चकत्यांवर लोकांचा डेटा तसाच असतो. भंगारात गेलेल्या डिस्कवरून तो परत काढता येऊ शकतो. म्हणून डिस्क चालू असेल तर ती पूर्ण पुसतात, चालत नसेल तर तिचे तुकडे करतात किंवा तीव्र चुंबकाने ती निकामी करतात. एसएसडीवर चुंबकाचा परिणाम होत नाही, तिचा चुराच करावा लागतो. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे डेटा पहिल्यापासून कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून लिहायचा. किल्ली फेकून दिली की डिस्क निरुपयोगी.

भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. नोंदवहीतली डिस्कची शेवटची ओळ तिथे संपते: कोणत्या तारखेला, कोणी, कशी नष्ट केली.

प्रती आहेत म्हणजे बॅकअप आहे का?

नाही. हा गैरसमज महागात पडतो.

तीन प्रती डिस्कच्या बिघाडापासून वाचवतात. कोणी चुकून फाइल पुसली तर ती तिन्ही प्रतींतून पुसली जाते. इमारतीला आग लागली तर तिन्ही जळतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीची आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी जी-ड्राइव्ह ही यंत्रणा त्यात जळाली. ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती, कारण यंत्रणा फार मोठी आहे म्हणून तिचा बाहेर बॅकअप घेतलाच गेला नव्हता. ८५८ टेराबाइट म्हणजे आजच्या २० टेराबाइटच्या ४३ डिस्क. एका रॅकमध्ये मावतील एवढ्या.

म्हणून डिस्क बदलण्याची शिस्त आणि दुसऱ्या गावी ठेवलेला बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

दुकानातल्या आणि घरातल्या डिस्कसाठी

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओत, सेवा केंद्रात किंवा सीसीटीव्हीच्या डब्यातही डिस्कच असते. तिथे हजार डिस्क नसतात, पण नियम तेच लागू होतात.

• तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला हा ३-२-१ चा नियम आहे. लग्नाचे फोटो ज्यांच्या जबाबदारीवर असतात त्यांनी तो पाळावाच.
• प्रत्येक डिस्कवर मार्करने मोठा क्रमांक टाका. वहीत त्या क्रमांकासमोर सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि आत काय आहे ते लिहा.
• स्मार्टचे आकडे दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. महिन्यातून एकदा पाहा. वाचता न आलेल्या जागांचा आकडा शून्यावरून वर गेला, तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्या.
• बॅकअपमधली एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसते.
• जुनी डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी ती पुसा किंवा तोडा. ग्राहकांची आधार कार्डे त्यात असू शकतात.

डिस्क किती महागाची आहे यावर डेटा टिकत नाही. कोणती डिस्क कुठे आहे, तिच्यावर काय आहे आणि ती गेली तर तेच दुसरे कुठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असली तर टिकतो. सर्नच्या लाखभर डिस्कना हे जसे लागू आहे, तसेच स्टुडिओतल्या चार डिस्कनाही.